फक्त आत्याला सांगितलं

फॅक्सचा कागद अर्धा बाहेर आला आणि अडकला. मान वाकडी करून मी जेवढं दिसत होतं तेवढं वाचलं.

"काय म्हणतात?" रेवणकरसाहेबांनी केबिनमधूनच विचारलं.

"व्याज येणार नाही म्हणतात."

"कधी येणार नाही?"

"एवढंच म्हणतात, साहेब. येणार नाही."

साहेब बाहेर आले, त्यांनी मशीनला एक चापट मारली आणि उरलेला कागद बाहेर ओढला. काही तांत्रिक कारणांमुळे रोख्यांवरचं सहामाही व्याज पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकण्यात येत असून गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, असं त्यात होतं. खाली कुणा लेखाधिकाऱ्याची सही. सही मात्र ऐटबाज होती.

गुरुवार होता. दिवाळीला तीन आठवडे बाकी होते. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. हिरेगाव नागरी सहकारी बँकेत मी तेव्हा गुंतवणूक अधिकारी होते. ऐकायला भारी वाटतं, पण गुंतवणूक विभाग म्हणजे मी, एक टेबल, तो फॅक्स आणि एक फोन. फोनला कुलूप असायचं आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

ज्यांचं व्याज येणार नव्हतं ते रोखे एका दूरच्या राज्याच्या वीज महामंडळाचे होते. राज्याचं नाव सांगत नाही. त्यांचं आता बरं चाललंय, कशाला उगाच. त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या संचालक मंडळाच्या सभेत हा विषय आला तेव्हा टिपणं घ्यायला मीच बसले होते. चेअरमन तात्यासाहेब मगदूम यांचं पेठेत हार्डवेअरचं दुकान. माणूस व्यवहाराला पक्का. त्यांनी विचारलं होतं, "सरकारची हमी म्हणजे नेमकं काय हो, रेवणकर?"

"म्हणजे महामंडळानं पैसे दिले नाहीत, तर ते राज्य सरकार देणार."

"आणि सरकारनंच दिलं न्हाई तर?"

सगळे हसले. तात्या स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग चहा आला आणि चार कोटींचा ठराव पास झाला. आमच्या एकूण ठेवी बावीस कोटी. 'सविस्तर चर्चेअंती' असं मी वहीत लिहिलं. तसंच लिहायची पद्धत होती.

साहेबांनी फोनचं कुलूप काढलं आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. "मुंबईला लाव. विकता येतात का बघ. दोन पैसे कमी आले तरी चालतील."

मुंबईचा दलाल एरवी फोनवर आधी हवापाण्याची चौकशी करायचा. त्या दिवशी म्हणाला, "मॅडम, सकाळपासून तुम्ही एकविसाव्या. विकणारे एकवीस, घेणारा एक नाही. त्या राज्यात पगार कर्जावर होतात, कर्जाचं व्याज दुसऱ्या कर्जावर. आता तिसरं कर्ज कुणी देत नाही."

मी फोन ठेवला तोच तो वाजला. जिल्ह्याच्या गावच्या मोठ्या बँकेतून. अडीनडीला लागणारं कर्ज आम्ही त्यांच्याकडून याच रोख्यांच्या तारणावर घेत होतो. पलीकडचे साहेब मऊ आवाजात म्हणाले, की आता हे तारण आम्हांला चालणार नाही, दुसरं काही द्या, नाहीतर सोमवारपर्यंत रक्कम भरा.

"पण असं एकदम का?" रेवणकरसाहेबांनी माझ्या हातून फोन घेत विचारलं.

"एकदम कुठं? आमच्याकडं हेच रोखे चाळीस कोटींचे आहेत. आम्हांला वरून फोन आला, म्हणून आम्ही खाली केला."

दुपारी तीनला शेजारच्या गावच्या बँकेचा शिपाई पत्र घेऊन आला. त्यांचे साठ लाख आमच्याकडे ठेव म्हणून होते, ते त्यांना आजच हवे होते. त्या बँकेचे मॅनेजर साहेबांचे कॉलेजातले मित्र. साहेबांनी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "भालू, मला तुझा संशय नाही रे. पण माझ्याकडेही तेच रोखे आहेत. मला माझ्यापुरतं बघायला नको का?"

साठ लाख गेले. सकाळी दहा वाजता आमची बँक धडधाकट होती. दुपारी चारला तिचे पाय लटपटत होते. आणि गंमत म्हणजे हिरेगावातल्या एकाही माणसानं यात काही केलं नव्हतं. कर्ज बुडवलं नव्हतं, खोटी सही केली नव्हती, पैसे खाल्ले नव्हते.

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "शैला, हे तू, मी आणि तात्या. चौथ्या कानाला नाही. घरीसुद्धा नाही. वरच्यांना मी रीतसर कळवतो. चार दिवस मिळाले तर काहीतरी जुळवता येईल."

"नाही साहेब, कुणाला नाही सांगत," मी म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणाले होते.

संध्याकाळी साडेसहाला मी आत्याच्या शिवणक्लासमध्ये होते.

कमळआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आई मी सहा वर्षांची असताना गेली. वडील एसटीत कंडक्टर, निम्मा महिना मुक्कामाच्या गाड्यांवर. मला आत्यानंच वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "माप जुळलं नाही." पेठेत एका खोलीत एकतीस वर्षं तिचा क्लास चालू होता. गावातल्या निम्म्या बायकांना ब्लाउज बेतायला तिनं शिकवलं होतं. ती खोली आता विकायला निघाली होती. मालकानं तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती, किंमत सव्वादोन लाख. आत्याची दोन लाखांची ठेव आमच्याच बँकेत होती. व्याज धरूनही थोडे कमी पडत होते, त्यासाठी तिनं बांगड्या मोडायच्या ठरवल्या होत्या आणि त्या बाबतीत ती खूश होती. म्हणे, मशीन चालवताना मध्ये येतात.

क्लास सुटला होता. तिनं स्टोव्हवर चहा ठेवला, शेवेचा डबा पुढं केला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही."

"शैले, तू शेव नको म्हणतीयस."

मी पाच मिनिटं टिकले. फार तर सहा. मग सगळं सांगून टाकलं, फॅक्सपासून साठ लाखांपर्यंत.

"म्हणजे बँक बुडणार?"

"तसं नाही गं. पण सगळ्यांनी एकदम मागितले तर सगळ्यांना देता येणार नाहीत. कुठल्याच बँकेला येत नाहीत."

"आणि सगळे एकदम मागतील?"

"कळलं तर मागतील. तू उद्या सकाळी ये. ठेव मोड, पोस्टात टाक. पण कुणाला बोलू नकोस, आत्या. माझी नोकरी जाईल."

"मी कशाला बोलते?" आत्या म्हणाली. आणि तीही मनापासूनच म्हणाली होती.

शुक्रवारी दहाला आत्या हजर. मुदतीआधी ठेव मोडायच्या अर्जावर मॅनेजरची सही लागायची. कारणाच्या रकान्यात तिनं 'खाजगी' लिहिलं होतं. साहेबांनी तिला बसायला सांगितलं.

"कमळाताई, दोन आठवडे थांबलात तर पूर्ण व्याज मिळेल. आत्ता तुटेल."

"तुटू दे हो, साहेब."

साहेबांनी काचेतून माझ्याकडं पाहिलं. मी स्टेपलरमध्ये पिना भरत होते. तो आधीच भरलेला होता. साहेबांनी सही केली.

पोस्टातला कारकून म्हणाला, बचत खात्याचे अर्ज संपलेत, सोमवारी या. मग त्यानं सहज विचारलं, नागरी बँकेतून का काढले? आत्या म्हणाली, "काही नाही, सहज." हिरेगावात दोन लाख कुणी सहज हलवत नाही. घरी येऊन तिनं पैसे कपाटात अस्तराच्या कापडांखाली ठेवले. दुपारी क्लासमधल्या एका मुलीच्या आईला तिनं फक्त एवढंच विचारलं, "तुझी नागरीतली ठेव कधी पुरी होते गं?" ती शपथेवर सांगायची, याच्या वर एक अक्षर नाही. बिचारीला त्या बाईची काळजी वाटली, दुसरं काय.

शनिवारी बँक अर्धा दिवस. मी साडेनऊला पोचले तेव्हा रांग बँकेच्या पायऱ्या उतरून, सायकलच्या दुकानापुढून, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. लोक शांत होते. त्याचीच जास्त भीती वाटत होती. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं पासबुक.

तात्या लुनावरून आले, रांग बघितली आणि मागच्या दारानं आत शिरले. "रेवणकर, एकच खिडकी उघडा. नोटा तीन-तीनदा मोजायच्या. साडेबाराला शटर खाली. तंवर समद्यांस्नी चहा पाजा."

"नाही तात्या," साहेब म्हणाले. मी त्यांना तात्यांपुढं 'नाही' म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं. "तीन खिडक्या उघडायच्या. पटापट द्यायचे. आपण जेवढं हळू देऊ तेवढी रांग वाढेल. चहा मात्र सांगा."

तिसऱ्या खिडकीवर मी बसले. तिजोरीत चौतीस लाख होते. पहिला माणूस आला, दुसरा आला. विड्या वळणारी एक बाई साडेतीन हजारांसाठी आली होती. पैसे घेतले आणि मलाच म्हणाली, "बाई, तुमचं पण काढून घ्या की." तिच्या मागं एक पैलवानासारखे गृहस्थ, त्यांना शेजारच्या गावच्या बँकेतून रोख्यांचं कळलं होतं. त्यांचा आवाज पाण्याच्या टाकीपर्यंत गेला असणार.

"आमच्या शेतात दिवसाला आठ तास लाइट न्हाई. आणि तुम्ही कुठल्या मुलखात जाऊन विजेला पैसं दिलासा?"

रांग हसली. मलाही हसू आलं, ते मी नोटांत दाबलं. त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

अकरापर्यंत तिजोरीत नऊ लाख राहिले. साहेबांनी मोठ्या बँकेला फोन लावला, सोमवारपर्यंत तरी हात द्या म्हणून. तो मऊ आवाज म्हणाला, की तुमच्याबरोबर अजून पाच बँका मागतायत, आम्ही आमचंच झाकायला बघतोय. साहेबांनी फोन जागेवर ठेवला आणि सवयीनं त्याला कुलूप लावलं.

सव्वाअकराला दारात गलका झाला. "ओ आत्या, रांगेत या, रांगेत!" गावात तिला सगळेच आत्या म्हणायचे. कापडी पिशवी छातीशी धरून कमळआत्या माणसांतून वाट काढत आत येत होती.

"सरका रे. मला काढायचे नाहीत. भरायचे आहेत."

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. भरणा खिडकीवरचा कॅशिअर सकाळपासून रिकामा बसला होता, तो दचकून उठला. मी माझी खिडकी सोडून तिच्याकडं धावले.

"आत्या, नको," मी तिच्या कानाशी म्हणाले. "आत्या, अगं, वेडी आहेस का? घरी जा."

"स्लिप दे."

"ऐक माझं. एकदा ऐकलंस ना? आता परत ऐक."

"शैले, स्लिप दे."

मी स्लिप दिली. तिनं चष्मा लावून, प्रत्येक अक्षर बेतल्यासारखं, स्लिप भरली. व्याज तुटून हातात आलेले दोन लाख आठ हजार. मग एकेक गड्डी पिशवीतून काढून सगळ्यांना दिसेल अशी फळीवर ठेवली. रांगेतून कुणीतरी विचारलं, "काल काढलंसा नि आज भरताय व्हय?"

"काल अक्कल नव्हती," आत्या म्हणाली. "आज क्लासात मुली कमी होत्या, तेवढा वेळ विचार केला."

हशा पिकला. पंधरा-वीस माणसं रांगेतून बाहेर पडली. काही जण पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून वाट बघू लागले, पण परत रांगेत आले नाहीत. तेवढ्यात तात्यांना काय वाटलं कोण जाणे, ते लुनावरून दुकानात गेले आणि गल्ल्यातली होती नव्हती ती नोट खिळ्यांच्या डब्यात घालून घेऊन आले. नव्वद हजार निघाले. त्यांनीही ते मोठ्यानं मोजत भरले. नोटांना गंजाचा वास येत होता.

साडेबारा वाजले. दारात जे उभे होते त्यांनाही साहेबांनी आत घेऊन पैसे दिले. शटर पडलं तेव्हा तिजोरीत एक लाख बारा हजार होते. आम्ही एकाही माणसाला परत पाठवलं नव्हतं. साहेबांनी उभ्या उभ्या दोन वडे खाल्ले. तात्या स्टुलावर बसून एखादा सामना जिंकल्यासारखे हसत होते. मी आत्याला सायकलवरून घरी सोडलं. वाटभर ती गुणगुणत होती आणि मीही.

सोमवारी पावणेअकराला पुन्हा फॅक्स आला, बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या वरच्या कचेरीचा. या वेळी कागद अडकला नाही. बँकेच्या आर्थिक स्थितीचा विचार करता, ठेवीदारांच्या हितासाठी, पुढील आदेशापर्यंत प्रत्येक खात्यातून एक हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम देता येणार नाही.

मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. परवानगीसुद्धा घेतली नाही. पेठेत आत्या मशीनवर होती. मी सांगितलं. तिनं पायडल थांबवलं.

"किती दिवस?"

"सहा महिने म्हणतात."

"म्हणजे वर्ष," आत्या म्हणाली. प्रत्यक्षात सव्वातीन वर्षं लागली.

"कशाला भरलेस गं?" मला रडू फुटलं. "मी नको म्हणत होते ना? तू बँक वाचवायला निघाली होतीस का?"

"बँकेचं मला काय पडलंय?" ती म्हणाली. "मी भाजी घ्यायला निघाले होते. रांग बघितली, आणि खिडकीत तुझं तोंड दिसलं. इतकंसं झालं होतं. मला कळलं, हे आपण केलंय. तुला ते तसं घेऊन घरी येऊ द्यायचं का? म्हणून पिशवी आणायला मागं फिरले." मग तिनं सुईत दोरा ओवला. "रड आता थोडं. पण तिकडं बस, त्या सॅटिनवर पाणी पडलं की डाग पडतो."

मंगळवारी जे झालं ते मला जास्त लागलं.

दुपारी एक उंच, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आले आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच राहिलं. ते साहेबांचे थोरले भाऊ, अप्पा. साखर कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी करून जूनमध्ये निवृत्त झाले होते. मिळालेले साडेचार लाख धाकट्या भावाच्या बँकेत ठेवले होते. भावाची बँक म्हणून.

"तुला कधी कळलं, भालू?"

"गुरुवारी."

"गुरुवारी तू आमच्याकडं जेवायला होतास."

"हो."

"माझ्या ताटाला ताट लावून बसलास. आणि बोलला नाहीस?"

"नाही बोललो, अप्पा."

"का?"

साहेबांनी समोरची फाइल बंद केली. मग म्हणाले, "तुम्हांला सांगितलं असतं तर बाकीच्यांना का नाही? आणि बाकीच्यांना सांगितलं असतं तर..."

अप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. ओरडले नाहीत. माझ्या टेबलापाशी येऊन, हजार रुपये काढायला कुठली स्लिप लागते ते विचारलं. मी त्यांना स्लिप भरून दिली. त्यांच्या खात्याचा नंबर लिहिताना माझ्या हातून दोनदा चुकला.

साहेबांना माझ्याबद्दल शुक्रवारीच कळलं होतं. त्यांनी त्या अर्जावर सही केली होती आणि नंतर मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर फार बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी त्याच वरच्या कचेरीची चौकशी आली. कुलथे नावाचे अधिकारी, सुटकेसवर आठ गावांच्या धर्मशाळांची लेबलं, पोट बिघडलेलं. फक्त ताकभात खायचे. त्यांनी शुक्रवारची सगळी पानं चाळली आणि आत्याला बोलावलं. केबिनमध्ये साहेब, मी आणि ते.

"कमल गोविंद उरुणकर. शुक्रवारी मोडलेली पहिली ठेव तुमची. इथं शैला उरुणकर काम करतात. नातं?"

"भाची माझी."

"तुम्हांला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं?" आत्या डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली. "माझा उजवा डोळा लवत होता. बुधवारपासून."

कुलथ्यांनी लिहायला पेन उचललं आणि ठेवलं. साहेबांनी घसा खाकरला. ते आता काहीतरी बोलणार आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेणार, हे मला दिसलं. त्या मंगळवारी अप्पांनी टोपी झटकली तो आवाज माझ्या कानात होता.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "गुरुवारी संध्याकाळी. साहेबांनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी सांगितलं. त्यांना काही माहीत नव्हतं."

"ती खोटं बोलतीय," आत्या म्हणाली.

"आत्या, गप्प बस."

कुलथ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "याच रोख्यांपायी ही माझी नववी बँक," ते म्हणाले. "नऊच्या नऊ ठिकाणी कुणी ना कुणी कुणाला तरी सांगितलं. एका ठिकाणी चेअरमननं मेव्हण्याला, एका ठिकाणी शिपायानं सासूला. सगळ्यांनी फक्त एकालाच सांगितलं. त्या राज्याच्या अर्थखात्यानं आधी महामंडळाला सांगितलं असतं, महामंडळानं आपल्याला... असो." मग आत्याकडं वळले. "शनिवारी परत का भरलेत? तुमच्या आधी कुणी असं केलेलं मी पाहिलं नाही."

"हिचं तोंड बघवेना."

कुलथ्यांनी पुन्हा पेन उचललं आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "ठेवीदाराने बँकेवरील विश्वासापोटी रक्कम पुन्हा जमा केली." साहेब हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

माझ्या दोन वेतनवाढी रोखल्या. नोकरी गेली नाही. गुंतवणुकीचं टेबल गेलं आणि मी आवक-जावक नोंदवायला बसले. साहेबांनी मला फक्त एकदा म्हटलं, जिन्यात, वर चढताना. "बरं केलंस, बोललीस. मी कुणाला सांगितलं नाही, पण म्हणून मला रात्री झोप लागते असं समजू नकोस." अप्पांच्या घरी ते पुढं दोन वर्षं जेवले नाहीत. तिसऱ्या वर्षी अप्पाच त्यांना बोलवायला आले.

ती खोली गेली. दिवाळीनंतर तिथं झेरॉक्सचं दुकान आलं. आत्यानं मशिनी आमच्या घराच्या पडवीत मांडल्या. मुली येत राहिल्या, पण एका वेळी चारच बसायच्या. खोलीबद्दल ती कधी बोलली नाही. मात्र झेरॉक्स काढायची वेळ आली की चार आणे जास्त देऊन स्टँडवर जायची.

त्या दूरच्या राज्यानं शेवटी तडजोड केली. जुन्या रोख्यांच्या जागी नवे, मुद्दल दहा वर्षांत, व्याज जवळजवळ निम्मं. मग एका मोठ्या सहकारी बँकेनं आम्हांला पदरात घेतलं. पाटी बदलली, टेबलं बदलली, आणि नव्या साहेबांनी, जुनी फाइल वाचून की न वाचता ते माहीत नाही, मला परत गुंतवणुकीवर बसवलं. ठेवीदारांचे पैसे सुटले.

आत्या तिचा चेक घ्यायला आली तेव्हा साठीची झाली होती. चेक उलटासुलटा करून बघितला, पर्समध्ये ठेवला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

"आता कुठं ठेवू?"

मी सवयीनं तोंड उघडलं. सरकारी आहे, हमी आहे, बुडत नाही, असं सगळं जिभेवर आलं होतं. "माहीत नाही, आत्या," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही."

"हे बरं बोललीस." तिनं खुर्ची पुढं ओढली. "इथं ठेवले तर तुम्ही ते कुणाला देता?"

"बऱ्याच जणांना."

"कुणाकुणाला?"

"अगं, मोठी यादी आहे. अकरा पानं. सगळ्यांची नावं नाही सांगता येत. पण सरकारं, महामंडळं, संस्था, त्यांची सांगता येतात. ते वार्षिक अहवालातच आहे."

"मग वाच."

"आत्ता?"

"मला आज क्लास नाही."

बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती, त्यांना मी शेजारच्या टेबलावर पाठवलं. अहवाल काढला आणि पहिलं नाव वाचलं. आत्यानं विचारलं, हे कुठं आहे, काय करतात, त्यांना पैसे कुठून येतात, कुणाचं किती देणं आहे. मला निम्मं सांगता आलं. निम्म्यासाठी उठून फाइल काढावी लागली. दुसरं नाव. तिसरं. चौथ्याला ती म्हणाली, "याचं तुला काहीच माहीत नाही वाटतं."

"नाही," मी म्हणाले.

"मग विचार की कुणाला."

मी फोन जवळ ओढला आणि मुंबईच्या दलालाचा नंबर फिरवला. पलीकडं घंटी वाजत होती. आत्यानं पर्समधून शेवेची पुडी काढली, टेबलावर सोडली आणि म्हणाली, "होऊ दे सावकाश."